येन्स नील्सनचे कुटुंब आणि मॉर्मन वसाहतीची रीत

अमेरिकेच्या पश्चिमेकडील युटामध्ये वसलेल्या मॉर्मन या धर्मपंथाच्या वसाहतदारांची हकीकत समजून घ्यायची असेल, तर एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घेतलेली बरी: आपण कुठे राहायचे हे हा वसाहतदार बहुतेक वेळा स्वतः ठरवत नसे. जमीन पाहिली, भाव पटला आणि बिऱ्हाड हलवले, असा तो व्यवहार नव्हता. चर्चच्या सभेत नावे वाचून दाखवली जात आणि ज्याचे नाव निघेल त्याने घर, शेत आणि नुकती फळाला आलेली बाग विकून, गिऱ्हाईक न मिळाल्यास तशीच टाकून, सांगितलेल्या ठिकाणी जायचे असे. नकार देण्यास कायद्याने कुणी अडवले नव्हते. तरीही बहुतेक जण जात. येन्स नील्सन या डॅनिश शेतकऱ्याच्या कुटुंबाने अशी स्थलांतरे वारंवार केली, आणि त्यांतली दोन इतकी अवघड होती की मॉर्मन समाजात ती आजही सांगितली जातात.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. आपल्याला साक्षात्कार झाले आणि त्यांतून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा धर्मग्रंथ मिळाला, असे त्याचे सांगणे होते. ओहायो, मिसूरी आणि इलिनॉय या तिन्ही ठिकाणी शेजाऱ्यांशी बिनसत गेले. अनुयायी एकगठ्ठा येऊन वसत, एकगठ्ठा मतदान करत आणि आपलीच भूमी ही सियोनेची, म्हणजे देवाच्या निवडलेल्या लोकांची, भूमी आहे असे मानत; शेजाऱ्यांना याचा जाच वाटे, आणि ते हिंसेवर उतरत. १८४४ मध्ये जमावाने स्मिथला तुरुंगात शिरून ठार केले. ब्रिगम यंगने नेतृत्व हाती घेतले, १८४६ च्या फेब्रुवारीत इलिनॉयमधील नॉवू हे शहर सोडायला सुरुवात झाली आणि २४ जुलै १८४७ रोजी तो आजच्या युटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. हे खोरे तेव्हा मेक्सिकोच्या हद्दीत होते; पुढच्याच वर्षी युद्धानंतरच्या तहात ते अमेरिकेकडे आले.

येन्सचा जन्म १८२० साली डेन्मार्कमधील लोलंड बेटावर झाला. डेन्मार्कमध्ये १८४९ च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले आणि लगेच १८५० मध्ये एरॅस्टस स्नो हा मॉर्मन प्रचारक कोपनहेगनमध्ये उतरला. ‘बुक ऑफ मॉर्मन’चे इंग्रजीखेरीज पहिले भाषांतर झाले ते डॅनिशमध्येच, १८५१ साली. याच सुमारास, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला होता आणि पुण्याच्या लष्कर भागात त्याने छोटी शाखाही चालवली होती. पण तिथे हाताला लागलेली माणसे मोजकीच राहिली. डेन्मार्कची गोष्ट निराळी होती. तिथल्या लहान शेतकऱ्याला आणि शेतमजुराला पंथाबरोबर देशांतराची वाटही मिळत होती, कारण मॉर्मन शिकवणुकीत बाप्तिस्मा घेणे आणि युटाला जाऊन एकत्र राहणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. अर्धशतकात स्कँडिनेव्हियातून सुमारे ३०,००० मॉर्मन अमेरिकेला गेले. येन्स आणि त्याची पत्नी एल्सी यांनी १८५४ मध्ये पंथ स्वीकारला आणि १८५६ मध्ये, शेत विकून, ती दोघे निघाली. बरोबर पाच-सहा वर्षांचा एकुलता एक मुलगा होता, आणि बोडिल मॉर्टेन्सन नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, जिच्या घरच्यांनी तिला नील्सन दांपत्याच्या भरवशावर पुढे पाठवले होते.

या देशांतराचा पैसा कुठून येई, हे कळल्याशिवाय पुढचे संकट समजणार नाही. १८४९ पासून चर्चने एक फिरता निधी उभारला होता. गरिबाला प्रवासखर्च उसना द्यायचा, त्याने युटात कमावून तो परत करायचा आणि त्यातून पुढचा माणूस आणायचा, अशी ती योजना होती. परतफेड मात्र रडतखडत होई. त्यातच १८५५ मध्ये टोळांनी युटाचे पीक खाल्ले आणि निधीत खडखडाट झाला. बैल आणि छताच्या गाड्या महाग असल्यामुळे, लोकांनी हातगाडी ओढत पायीच यावे, असा तोडगा ब्रिगम यंगने काढला. पाच माणसांना एक हातगाडी, वीस माणसांना एक तंबू आणि माणशी १७ पौंड सामान, हा हिशेब होता. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे होती. तिथून सॉल्ट लेक सुमारे १,३०० मैल. येन्सजवळ शेत विकून आलेला पैसा होता आणि गाडी-बैल घेणे त्याला परवडले असते. वरकड पैसा इतरांच्या प्रवासासाठी द्यावा, असे चर्चच्या वरिष्ठांनी सांगितले, म्हणून त्याने तो दिला आणि स्वतः हातगाडी धरली.

हातगाडीची कल्पना मुळातच वेडगळ होती, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १८५६ ते १८६० या काळात दहा तुकड्यांतून सुमारे ३,००० लोक असे आले आणि त्यांतल्या आठ तुकड्या फारशी हानी न होता पोहोचल्या. घात केला तो उशिराने. नील्सन कुटुंब जेम्स विलीच्या तुकडीत होते. त्यांचे जहाज ‘थॉर्न्टन’ ४ मे रोजी लिव्हरपूलहून सुटले. आयोवा सिटीत त्यांच्यासाठी गाड्या तयार नव्हत्या, आणि ज्या घाईने बनवल्या त्यांचे लाकूड ओले होते. सुक्या हवेत चाके आकसून सैल पडू लागली आणि आसांची धुळीने झीज होऊ लागली. मिसूरी नदीकाठच्या फ्लॉरेन्स गावी पोहोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला. तिथे लेव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसाने भर सभेत सांगितले की, इतक्या उशिरा म्हातारेकोतारे आणि मुले घेऊन डोंगर ओलांडायला निघालात तर माणसे मरतील. सभेचा कौल पुढे जाण्याकडे पडला, आणि मग सॅव्हेजही त्यांच्याबरोबर निघाला. प्रत्येक हातगाडीवर आता ९८ पौंडांचे पिठाचे पोते जादा चढले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला गुरे बुजून उधळली, त्यांत त्यांचे सुमारे तीस बैल गेले, आणि बैलगाड्यांतले सामानही लोकांना वाटून घ्यावे लागले. वाटेत शिधा मिळेल, ही आशा फोल ठरल्यावर रोजचे पीठ कमी करत न्यावे लागले.

१९ ऑक्टोबरला आजच्या वायोमिंग राज्यात बर्फाने गाठले, आणि पीठही त्याच सुमारास संपले. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या निघाल्या होत्या, त्या दोन दिवसांनी भेटल्या. पण चालणे चुकणार नव्हते. २३ ऑक्टोबरला रॉकी रिज हा खडकाळ चढ बर्फाच्या वाऱ्यात ओलांडावा लागला. पहिले लोक रॉक क्रीकच्या तळावर रात्री पोहोचले, शेवटचे पहाटे. दुसऱ्या दिवशी तेरा प्रेते एकाच खड्ड्यात पुरली गेली आणि ती पुरणाऱ्यांपैकी आणखी दोघे त्याच दिवशी मेले. येन्स-एल्सीचा मुलगा आणि बोडिल हे दोघेही तिथेच गेले. बोडिलला जळणासाठी काटक्या आणायला पाठवले होते. ती हातगाडीच्या चाकाला टेकून गोठलेली सापडली आणि काटक्या तिच्या हातात तशाच होत्या, अशी आठवण सांगितली जाते. येन्सचे पाय हिमदंशाने निकामी झाले. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाने ‘मला इथेच सोड’ असे सांगितले, तेव्हा जेमतेम पाच फुटांच्या एल्सीने त्याला हातगाडीत घातले आणि स्वतः ओढत नेले, ही गोष्ट कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एल्सीच्या स्वतःच्या शब्दांत ती असती तर फार बरे झाले असते. अशा हकीकतींत पुरुषांच्या रोजनिशा मिळतात, बायकांचे कष्ट बहुधा नातवंडांच्या तोंडूनच कळतात. येन्स जगला, पण पाय वाकडे झाले ते जन्मभर. ९ नोव्हेंबरला तुकडी सॉल्ट लेकला पोहोचली. विलीच्या सुमारे ५०० माणसांपैकी सत्तरच्या आसपास मेली होती. मागून येणाऱ्या मार्टिनच्या तुकडीत हा आकडा शंभराच्या वर गेला.

पोहोचलेल्या कुटुंबाला कसे सामावून घेतले जाई, यात मॉर्मन व्यवस्थेची खरी ताकद दिसते. आलेली माणसे त्याच आठवड्यात घराघरांत वाटली गेली. नील्सन दांपत्य दक्षिणेला पॅरोवानकडे गेले आणि पुढे पॅरागोना, पँग्विच, सीडर सिटी अशी त्यांची बिऱ्हाडे होत गेली. या गावांची रचना ठरलेली होती: सरळ रुंद रस्ते, चौकोनी ठोकळे, प्रत्येक घराला परसबागेपुरता मोठा भूखंड आणि शेते गावाबाहेर. आपल्याकडचे गावठाण आणि शिवार डोळ्यांसमोर आणले तर ही मांडणी चटकन कळते. पण अमेरिकन पश्चिमेत ती अपवादात्मक होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली शेतकऱ्याला १६० एकर मिळत, पण त्याच जमिनीवर घर बांधून राहावे लागे, त्यामुळे शेजारी अर्ध्या-एक मैलावर असे. मॉर्मन कुटुंबाच्या वाट्याला बहुधा थोडेच एकर येत, आणि भूखंड अनेकदा चिठ्ठ्या टाकून वाटले जात. युटात सरकारी जमीन कचेरी उघडली ती १८६९ मध्ये. तोपर्यंतची वीस-बावीस वर्षे जमिनीचा कागद म्हणजे प्रत्यक्षात बिशपचा, म्हणजे गावातल्या चर्चप्रमुखाचा, शब्द होता.

जमीन कमी ठेवण्याचे कारण पाणी. युटात पावसावर पीक येत नाही. डोंगरातल्या ओढ्याला बांध घालायचा, पाट काढायचा आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी शेतात खेळवायचे, यावरच सगळे अवलंबून होते. ओढे कुणाच्याही खाजगी मालकीचे नसतील, असे ब्रिगम यंगने सुरुवातीलाच जाहीर केले होते. पाट काढायला ज्याने जितके दिवस अंगमेहनत केली असेल त्या प्रमाणात त्याचा पाण्यावर हक्क ठरे, पाण्याच्या पाळ्या लावल्या जात आणि पाटकऱ्यावर त्या सांभाळण्याची जबाबदारी असे. पाळी मध्यरात्री आली तर कंदील घेऊन शेतावर जावे लागे. अशा व्यवस्थेत एकट्या माणसाला काहीच करता येत नाही, मग तो कितीही कष्टाळू असो. आणि चर्चच्या सांगण्यावरून माणसे का हलत, याचे निम्मे उत्तर इथे आहे. श्रद्धा होतीच, पण पाणी, जमीन, बी-बियाणे आणि अडीनडीची मदत हे सगळे त्याच एका संस्थेच्या हाती होते. उत्पन्नाचा दशमांश चर्चला द्यायचा असे, आणि रोकड क्वचितच असल्यामुळे तो गहू, लोणी, अंडी, वासरे किंवा दहा दिवसांतून एक दिवस काम या रूपाने दिला जाई. बिशप तो कोठारात ठेवी आणि त्यातूनच विधवांना, नव्याने आलेल्यांना आणि पीक बुडालेल्यांना देई. बिशपला पगार नसे. तोही इतरांसारखाच शेती करत असे.

बहुपत्नीत्वाबद्दल आपल्याकडे कुतूहल जास्त आणि माहिती कमी असते. ही प्रथा १८५२ मध्ये उघडपणे जाहीर झाली. दुसरे लग्न करायला चर्चच्या वरिष्ठांची परवानगी लागे आणि पहिल्या पत्नीची संमती घ्यावी, असा नियम होता, जरी ती संमती कितपत मोकळी असे हा प्रश्न उरतोच. बहुसंख्य मॉर्मन पुरुषांची एकच पत्नी होती. मात्र गावातल्या पुढाऱ्यांत बहुपत्नी कुटुंबे अधिक असत. येन्सने एल्सीखेरीज आणखी दोन विवाह केले; कर्स्टन येन्सन ही त्यांपैकी एक. अशा घरांत सगळ्या बायका एका छताखाली राहत असे नाही. पुष्कळदा वेगळी घरे, कधी वेगळी गावेही असत. नवरा मिशनवर, म्हणजे चर्चच्या कामगिरीवर, किंवा दुसऱ्या घरी असताना दूधदुभते, कोंबड्या, विणकाम आणि पाण्याची पाळी हे सगळे त्या त्या बाईच्याच अंगावर पडे. अमेरिकन काँग्रेसने १८६२ पासून या प्रथेविरुद्ध कायदे केले, १८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले आणि १८९० मध्ये चर्चने नवे बहुपत्नी विवाह थांबवत असल्याचे जाहीर केले. युटाच्या स्त्रियांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. १८८७ मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्धच्याच कायद्याने काँग्रेसने तो काढून घेतला आणि १८९६ मध्ये राज्य झाल्यावर तो परत आला. बायकांना मत मिळाले की त्या ही प्रथा मोडतील, असा बाहेरच्यांचा होरा होता, आणि तो साफ चुकला.

पँग्विच मात्र या कुटुंबाला १८६६ मध्ये सोडावे लागले, कारण ब्लॅक हॉक युद्ध नावाने ओळखला जाणारा संघर्ष तेव्हा पेटला होता. ज्या ओढ्याकाठी मॉर्मन गाव वसे, तोच ओढा ऊट आणि पायूट या तिथल्या मूळ रहिवाशांचा मासे धरण्याचा, दाणे गोळा करण्याचा आणि शिकारीचा आधार होता. गाव वाढले की गुरे गवत खात, दाणे संपत आणि उपासमार सुरू होई. ऊट टोळ्यांनी गुरे पळवायला आणि वसाहतदारांना मारायला सुरुवात केली. १८६६ च्या वसंतात सर्कलव्हिल या शेजारच्याच गावात वसाहतदारांनी ताब्यात घेतलेल्या पायूट पुरुष-बायका-मुलांना ठार केले. या युद्धातले ते सर्वांत निर्घृण कृत्य म्हटले पाहिजे. वसाहतीचा इतिहास हिमवादळ आणि खडकांशी झालेल्या झुंजीपुरता सांगितला की हा भाग सहज गळून पडतो.

येन्स साठीला टेकला होता तेव्हा त्याला पुन्हा बोलावणे आले. युटाच्या आग्नेय कोपऱ्यात सॅन वॉन नदीकाठी मॉर्मनांचे गाव वसवायचे होते: नॅव्हाहो आणि ऊट या मूळ रहिवाशांशी सलोखा राखायचा, आणि कोलोरॅडोकडून येणारे बिगर-मॉर्मन पशुपालक तो मुलूख धरण्याआधी आपण तो धरायचा. दक्षिण युटाचा कारभार तेव्हा एरॅस्टस स्नोकडे होता, ज्याने तीस वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये प्रचाराची सुरुवात केली होती. १८७९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे २३० ते २५० माणसे, ऐंशीहून अधिक गाड्या आणि हजारावर गुरे एस्कलँटे गावाच्या पुढे निघाली. माहीत असलेले दोन्ही मार्ग लांबचे किंवा निर्जळ होते, म्हणून सरळ रेघेत जाणारी जवळची वाट धरली. सहा आठवड्यांचा अंदाज होता. लागले सहा महिने.

वाटेत कोलोरॅडो नदीची घळ आडवी आली. कड्यात वरून खाली एक अरुंद चीर होती, जिला पुढे ‘होल-इन-द-रॉक’ हे नाव पडले. नदी तिथून सुमारे हजार फूट खाली होती. मागे डोंगरात बर्फ साचले होते. पुढे जावे की परतावे, याचा खल चालला तेव्हा, चिकाटी असेल तर पार पडू आणि जमो न जमो जायलाच हवे, असे येन्सने आपल्या डॅनिश धाटणीच्या इंग्रजीत सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. त्यानंतरचे सहा-सात आठवडे सुरुंगाची दारू, पहारी आणि फावडी यांवर गेले. वेल्समधील कोळशाच्या खाणींत काम केलेले बेंजामिन आणि हायरम पर्किन्स हे भाऊ सुरुंग लावण्यात तरबेज होते. चिरेच्या खालच्या बाजूला कड्याला लागून रस्ताच करता येईना, तेव्हा त्यांनी कड्यात ओळीने भोके पाडली, त्यांत ओकचे खुंट ठोकले, खुंटांवर ओंडके, झुडपे आणि दगडगोटे रचले आणि एका बाजूने कड्यात कोरलेला व दुसऱ्या बाजूने अधांतरी टेकलेला रस्ता केला. २६ जानेवारी १८८० रोजी पहिल्या गाड्या उतरल्या. मागची चाके साखळीने जखडलेली, गाडीच्या मागे दोर धरून डझनभर माणसे टाचा रोवून उभी, आणि तरीही गाडी घरंगळतच जाई. खाली चार्ल्स हॉलने बांधलेल्या तराफ्यावरून नदी ओलांडली जाई.

पलीकडचा मुलूख याहून वाईट निघाला. अखेरचा कोम्ब रिजचा चढ चढताना घोडे गुडघ्यांवर पडत, आणि खडकांवर त्यांचे रक्त व केस चिकटलेले दिसत, असे नोंदलेले आहे. ६ एप्रिलला माणसे आणि जनावरे इतकी थकली होती की ठरलेले ठिकाण अठरा मैलांवर असूनही ती जिथे होती तिथेच थांबली. तेच ब्लफ गाव. या प्रवासात मुले जन्मली आणि एकही माणूस दगावला नाही. रॉकी रिजशी याची तुलना करायचा मोह होतो, पण ती जपून केली पाहिजे: इथे गाड्या होत्या, दुभती गुरे होती, आणि मुख्य म्हणजे वीस-पंचवीस वर्षे याच कोरड्या मुलखात राबलेली माणसे होती. १८५६ मध्ये युरोपातून नुकत्याच उतरलेल्यांना यांपैकी काहीच मिळाले नव्हते. आज्ञा पाळण्याची वृत्ती दोन्ही वेळा सारखीच होती.

ब्लफमध्ये येन्स बिशप झाला आणि १९०६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, बिशप राहिला. ज्या पाण्याच्या व्यवस्थेवर मॉर्मन गावे उभी राहिली होती ती इथे मात्र फसली. सॅन वॉन हा डोंगरी ओढा नव्हता. ती गढूळ, पात्र बदलणारी नदी होती. ओंडक्यांच्या चौकटींत दगड भरून बांधलेला बांध पुरात जाई, पाट गाळाने भरे, आणि दर वसंतात तेच काम नव्याने करावे लागे. पुरुष रेल्वेच्या भरावावर मजुरीला कोलोरॅडोत जाऊन पीठ आणत. अनेक कुटुंबे निघून गेली. उरलेल्यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यापासून शेतीचा हट्ट सोडून सगळ्यांची गुरे एका सामायिक संस्थेत घातली, उत्तरेच्या डोंगरातली कुरणे धरली, आणि तेव्हा कुठे पैसा दिसू लागला. १८९० च्या दशकात ब्लफमध्ये वालुकाश्माची दुमजली घरे उभी राहिली, ती गुरांच्या आणि मेंढ्यांच्या पैशावर. १९०५ पासून वसाहतदारांची पुढची पिढी उत्तरेला ग्रेसन, म्हणजे आजच्या ब्लँडिंगमध्ये जाऊ लागली, कारण तिथे डोंगरातून पाट आणता येत होता. होल-इन-द-रॉकचा रस्ता तोवर केव्हाच बंद पडला होता. चार्ल्स हॉलने १८८१ मध्येच आपली नाव नदीवर वरच्या अंगाला, चढ-उतार सोपा असलेल्या जागी हलवली होती.